परतीच्या पाखरांची नोंद कोण ठेवतो?

फाल्गुन लागला की माळावरचा पळस पाने टाकून केशरी फुलांनी पेटून उठतो. काटेसावर आणि पांगाराही त्याच सुमारास फुलतात. सकाळच्या पहिल्या उन्हात या झाडांवर जो कल्लोळ माजतो, त्यात सर्वांत मोठा वाटा असतो तो भोरड्यांचा. काळे डोके, काळे पंख आणि पाठ-पोट गुलाबी असा हा मैनेचा भाऊबंद. कुणी त्याला गुलाबी मैना म्हणतात, कुणी पळसमैना. फुलांतील मधुरसासाठी चोची खुपसून खुपसून त्यांची कपाळे परागाने माखतात. असा शेकड्यांचा थवा रोज भेटतो आणि एके सकाळी झाड रिकामे असते. काल होता की परवा, हेही मग नीट आठवत नाही.

युरोपात वसंत म्हणजे पाखरांच्या आगमनाचा ऋतू. आपल्याकडे नेमके उलट आहे. मध्य आशिया, सैबेरिया, मंगोलिया, तिबेट आणि हिमालय येथून हिवाळ्यासाठी आलेले पाहुणे फेब्रुवारी ते मे या काळात महाराष्ट्र सोडतात. पक्षिशास्त्रज्ञ ज्याला मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणतात, त्या तीस देशांवरून जाणाऱ्या आकाशवाटेवर आपला प्रदेश दक्षिणेकडचा मुक्काम आहे. येणाऱ्याकडे सर्वांचे लक्ष असते. ऑक्टोबरात पहिला धोबी अंगणात शेपटी हलवताना दिसला की ती बातमी मित्राला कळवली जाते. जाणाऱ्याची बातमी होत नाही.

आपले पक्षिनिरीक्षणाचे वेळापत्रकही असेच बेतलेले आहे. अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि डॉ. सालिम अली यांचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांच्या दरम्यान राज्यात २०२० पासून शासकीय पातळीवर पक्षीसप्ताह साजरा होतो. १९८७ मध्ये सुरू झालेली आशियाई पाणपक्षी गणना जानेवारीत होते. परसबागेतील पक्षी मोजण्याचा जागतिक उपक्रम फेब्रुवारीत असतो. त्यानंतर ऊन तापू लागते, परीक्षा येतात, दुर्बिणी कपाटात जातात. मे महिन्यातील दुसऱ्या शनिवारी जागतिक स्थलांतरित पक्षी दिन येतो, तेव्हा आपल्याकडचे बहुतेक स्थलांतरित निघून गेलेले असतात. मार्चचा मध्य ते एप्रिलची अखेर हा काळ आपल्या नोंदवह्यांतील कोरे पान होय, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

वास्तविक पक्ष्याच्या वर्षातील सर्वांत निकराचा काळ हाच असतो. शरदातील प्रवासात थांबत, रेंगाळत आले तरी चालते. वसंतात तसे करून भागत नाही, कारण विणीच्या प्रदेशात जो आधी पोहोचतो त्याला घरट्याची चांगली जागा मिळते. म्हणूनच अनेक जातींत नर आधी निघतात आणि परतीचा प्रवास एकंदरीत अधिक वेगाने उरकला जातो.

निघण्याची वेळ झाली, हे पक्ष्याला कळते कसे? या प्रश्नाचे पहिले भक्कम उत्तर १९२० च्या दशकात कॅनडात मिळाले. अल्बर्टा प्रांतातील विल्यम रोवन या प्राध्यापकांनी जुन्को नावाचे चिमणीएवढे पक्षी कडाक्याच्या थंडीत उघड्या पिंजऱ्यांत ठेवले आणि सायंकाळी विजेचे दिवे लावून त्यांचा दिवस थोडा थोडा वाढवत नेला. बाहेर बर्फ असतानाही त्या पक्ष्यांची जननेंद्रिये वसंतात वाढावीत तशी वाढली. ऊब नव्हे, तर दिवसाची लांबी हा मुख्य संकेत, हे त्यातून दिसून आले. आपल्या अक्षांशावर हा संकेत फार नाजूक असतो. मुंबई-पुण्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये दिवस रोज जेमतेम एका मिनिटाने मोठा होतो. आपल्या ध्यानातही न येणाऱ्या या मिनिटाच्या हिशेबावर हजारो किलोमीटरचा प्रवास ठरतो.

संकेत मिळाला की शरीराची सिद्धता सुरू होते. पक्षी अधाशासारखा खाऊ लागतो आणि त्वचेखाली चरबी साठवतो. पिष्टमय पदार्थांच्या दुपटीहून अधिक ऊर्जा चरबीतून मिळते, शिवाय ती जळताना पाणीही तयार होते. समुद्र वा वाळवंट ओलांडणाऱ्याला याहून चांगली शिदोरी नाही. लांब पल्ल्याच्या काही चिखलपक्ष्यांचे वजन निघण्यापूर्वी जवळजवळ दुप्पट होते आणि अखेरच्या दिवसांत त्यांच्या जठर-आतड्यांचा आकार चक्क लहान होतो. उड्डाणात ज्याचा उपयोग नाही, ते ओझे वाहायचे कशाला!

याच दिवसांत पाखरांचे रूपही पालटते. जानेवारीत करडे, निस्तेज दिसणारे किनाऱ्यावरचे चिखलपक्षी एप्रिलमध्ये विटकरी, तांबूस होतात. नवख्या निरीक्षकाला ही एखादी वेगळीच जात वाटते. भोरडीची तऱ्हा त्याहून मजेची आहे. तिच्या गुलाबी पिसांची टोके हिवाळ्यात मळकट तपकिरी असतात. वसंतापर्यंत ती टोके झिजून जातात आणि खालचा शुद्ध गुलाबी रंग उघडा पडतो. नवे वस्त्र न घेता, जुनेच झिजवून नटणारा हा पक्षी! निळ्या गळ्याचा शंकर पक्षी हिवाळाभर बोरूच्या बेटात गप्प असतो, तो निघण्याच्या सुमारास हलक्या आवाजात गुणगुणू लागतो. विणीच्या प्रदेशात गावयाच्या गाण्याची ही जणू तालीम असते.

भोरडीविषयी आणखी थोडे लिहायला हवे. सोलापूर-अहिल्यानगरच्या ज्वारीच्या पट्ट्यात तिचे नाव प्रेमाने घेतले जात नाही. हुरड्याच्या दिवसांत माळ्यावर उभे राहून गोफणीने पाखरे राखणाऱ्या शेतकऱ्याच्या लेखी ती चोर आहे, आणि त्याचे म्हणणे खोटेही नाही. पण हीच भोरडी एप्रिलच्या मध्यापर्यंत येथून निघते, कझाकस्तान-तुर्कमेनिस्तानकडच्या गवताळ प्रदेशांत दगडांच्या राशींमध्ये हजारोंच्या वसाहतीने घरटी करते आणि पिलांना टोळ व नाकतोडे भरवते. तेथे ती टोळांचा काळ म्हणून ओळखली जाते. वीण उरकून जुलैअखेरीस तिचे पहिले थवे पुन्हा भारतात दाखल होऊ लागतात. म्हणजे वर्षातले आठ-नऊ महिने जी येथे राहते, तिला परदेशी पाहुणी म्हणायचे की माहेरी बाळंतपणाला जाणारी सासुरवाशीण म्हणायचे, हा प्रश्नच आहे.

पाणथळींवरील वसंताचे चित्र वेगळे असते. उजनी किंवा जायकवाडीसारख्या जलाशयांची पातळी जानेवारीपासून उतरू लागते आणि काठावरचा गाळ उघडा पडतो. किडे, अळ्या, शिंपले यांनी भरलेला हा चिखल म्हणजे परतीच्या प्रवाशांचे अन्नछत्र. पाणी भरपूर असते तेव्हा बदके खूश असतात. चिखलपक्ष्यांचा सुगीचा काळ पाणी ओसरताना येतो. भिगवणला मार्चमध्ये दिसणारे रोहित पक्षी याच उथळ पाण्याच्या ओढीने आलेले असतात. मात्र उघड्या पडलेल्या याच जमिनीवर गाळपेर शेती होते, उथळ पाण्यात जाळी लागतात आणि छायाचित्रकारांच्या होड्या फिरतात. पोट भरण्याच्या ऐन घाईत थवा दिवसातून दहा वेळा उडवला गेला, तर साठवलेली चरबी येथेच खर्ची पडते. गाळपेर करणाऱ्याचे पोटही त्याच चिखलावर असते, हे विसरून चालणार नाही. पण प्रवेशबंदीच्या पाट्यांपेक्षा कोणत्या आठवड्यात कोणता काठ मोकळा ठेवायचा, याचा समंजस करार अधिक उपयोगी पडेल, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. असा करार करायचा तर पाखरे कोणत्या आठवड्यात कुठे असतात, हे आधी ठाऊक हवे.

ठाणे खाडीची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. २०१५ मध्ये तेथे रोहित अभयारण्य जाहीर झाले आणि २०२२ मध्ये तिला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. रोहित हा येथील अन्य पाहुण्यांसारखा उत्तरेचा प्रवासी नाही. तो प्रामुख्याने गुजरातेतील कच्छकडे परततो, तेही उशिरा. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपर परिसरात उतरत्या विमानाला धडकून चाळीसच्या घरात रोहित मृत्युमुखी पडले, तेव्हा अनेक मुंबईकरांनी आश्चर्याने विचारले, की मे महिन्यात हे पक्षी येथे कसे? निरीक्षकांना त्यात नवल नव्हते. पाऊस तोंडावर येईपर्यंत त्यांचे थवे खाडीत असतात आणि रात्रीही या पाणथळीवरून त्या पाणथळीवर ये-जा करतात. हंगाम केव्हा संपतो, याविषयीची सार्वत्रिक समजूत किती ढोबळ आहे, हे त्या रात्रीने दाखवून दिले.

जाणाऱ्यांचा क्रम साधारण ठरलेला असतो. पट्टकादंब हे डोक्यावर दोन काळे पट्टे मिरवणारे हंस सर्वांत आधी, मार्चपर्यंत निघतात. मंगोलियात मानेत खुणेचा पट्टा घातलेले पट्टकादंब विदर्भातील तलावांवर पूर्वी आढळले आहेत, त्यामुळे त्यांचा पत्ता आपल्याला ठाऊक आहे. वाटेत हिमालय आहे. उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बसवून केलेल्या अभ्यासात यांपैकी एक हंस ७,२९० मीटर उंचीवर नोंदला गेला. एरवी मात्र ते डोंगरांच्या अंगाने, शक्य तितके खालून उडतात आणि चढणीसाठी रात्र वा पहाट निवडतात. थंड हवा दाट असते, पंखांना अधिक आधार देते. मार्चअखेर ते एप्रिलमध्ये थिरथिरे आणि धोबी जातात. चिखलपक्षी मेपर्यंत रेंगाळतात. त्यांतील पहिल्या वर्षाची काही पिले तर जातच नाहीत. विणीचे वय झालेले नसल्याने तो उन्हाळा ती आपल्याच किनाऱ्यावर काढतात.

काही प्रवासी तर केवळ वरून जातात. मंगोलियात २०१९ मध्ये यंत्र बसवलेला ओनोन नावाचा कुक्कू आफ्रिकेत हिवाळा घालवून २०२० च्या मे महिन्यात अरबी समुद्र ओलांडून भारतात उतरला आणि पुढे मंगोलियातील आपल्या जागी पोहोचला. त्या वेळी टाळेबंदीत घरी अडकलेले पक्षिमित्र त्याची वाटचाल नकाशावर पाहत होते. यंत्र नसलेले असे किती ओनोन दर मे महिन्यात आपल्या डोक्यावरून जात असतील!

या तारखांना आता वेगळेच महत्त्व आले आहे. नेदरलँड्समध्ये २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की तापमानवाढीमुळे तेथील अळ्यांचा बहर लवकर येऊ लागला, पण आफ्रिकेतून परतणारे कवड्या माशीमार मात्र त्या प्रमाणात लवकर पोहोचेनात. जेथे ही तफावत सर्वाधिक होती, त्या जंगलांत त्यांची संख्या दोन दशकांत सुमारे नव्वद टक्क्यांनी घटली. हे समजू शकले, कारण तेथे वर्षानुवर्षांच्या तारखा लिहून ठेवलेल्या होत्या. भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयीचा २०२३ चा अहवाल तीस हजारांहून अधिक निरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदींवर उभा आहे. ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल काढता आला, त्यांतील साठ टक्के जाती घटल्याचे तो सांगतो. लांब पल्ल्याचे स्थलांतरित त्यात ठळकपणे येतात.

शेवटची तारीख नोंदवण्यात एक अडचण आहे. पहिले दर्शन त्याच क्षणी कळते. शेवटचे दर्शन मात्र ते शेवटचे होते, हे आठ-पंधरा दिवसांनी, पाखरू पुन्हा दिसले नाही म्हणजे कळते. पुण्यातील माझ्या घरासमोरच्या कुंपणावर दर हिवाळ्यात एक थिरथिरा येतो. शेपूट थरथरवीत तो ठरल्या खांबावर बसतो. आल्याची तारीख माझ्या वहीत कित्येक वर्षे लाल शाईने आहे. गेल्याच्या रकान्यात ‘मार्चअखेर?’ एवढेच, तेही प्रश्नचिन्हासह. शेवटी उपाय सापडला तो अगदी साधा. मार्च उजाडला की रोज सकाळी दहा मिनिटे तेथेच उभे राहायचे, आणि तो दिसला नाही तर ‘नाही’ असे लिहायचे. हे ‘नाही’ लिहिणेच आपण टाळतो. २००७ मध्ये सुरू झालेल्या ‘मायग्रंटवॉच’ या देशव्यापी उपक्रमाने निरीक्षकांकडून पहिल्याप्रमाणेच शेवटच्या दर्शनाच्याही तारखा मागवल्या होत्या. पुढे त्या नोंदी ‘ईबर्ड’ या जागतिक संग्रहात गेल्या. तेथेही एकच दिसलेला पक्षी नोंदवण्यापेक्षा ठरलेल्या वेळेत दिसलेल्या सर्व पक्ष्यांची पूर्ण यादी देणे अधिक मोलाचे मानतात. पूर्ण यादीत जे नाव नसते, तेही काहीतरी सांगत असते.

कुंपण, तलावाचा काठ, शेताचा बांध, कॉलेजचे मैदान, जागा कोणतीही चालेल. ती बदलू नये एवढेच. थिरथिऱ्याच्या रकान्यात सलग दहा वेळा ‘नाही’ आले, की वहीचे ते पान मिटायचे आणि पुढचे उघडायचे. कारण तोवर दुसरीकडे हालचाल सुरू झालेली असते. मे महिन्यात दक्षिणेकडून नवरंग येऊन दाखल होतो. रात्रीच्या प्रवासाने थकलेला एखादा चुकून शहरातील गॅलरीतही उतरतो, आणि जंगलात सकाळ-संध्याकाळ त्याची दोन सुरांची शीळ घुमू लागते. मग मेअखेरीस वा जूनच्या आरंभी, नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर, आफ्रिकेतून चातक येतो. त्याच्या येण्याची तारीख मात्र कुणाला सांगावी लागत नाही.