सायलेंट इन्स्टॉल: साठ कॉम्प्युटर, एक कमांड

ज्यांना एपिसोड ऐकायला जमलं नाही, त्यांच्यासाठी ही लेखी आवृत्ती.

नाहूरच्या ज्या ऑफिसात मी सिस्टिम सांभाळतो, तिथे साठ कॉम्प्युटर आहेत. पूर्वी पेन ड्राइव्ह घेऊन टेबलाटेबलावर फिरायचो. नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. एका मशीनला दहा मिनिटं धरा, म्हणजे दहा तास! वर "जरा उठता का?" हे साठ वेळा.

त्यावर उपाय सायलेंट इन्स्टॉल. एमएसआय फाइल असेल तर कमांडला 'स्लॅश क्यूएन' जोडायचं. स्क्रीनवर काहीच दिसत नाही. सोबत 'स्लॅश नोरीस्टार्ट' हवंच, नाहीतर अकाउंट्सवाल्यांची सेव्ह न केलेली एक्सेल शीट गेलीच समजा. ईएक्सई फाइलींचं मात्र प्रत्येकीचं वेगळं नाटक. मग ही कमांड ग्रुप पॉलिसी किंवा इंट्यूनमधून सगळीकडे पाठवायची.

माझी फजिती इथेच झाली. इन्स्टॉलरने मध्येच लायसन्सचा प्रश्न विचारला. पण तो सिस्टिम अकाउंटखाली चालत होता, त्यामुळे ती खिडकी कुणालाच दिसेना. साठही मशीन्स रात्रभर उत्तराची वाट बघत बसली! तेव्हापासून मी एक्झिट कोड वाचतो. 0 म्हणजे झालं. 3010 म्हणजे झालं, पण रीस्टार्ट बाकी आहे (याला बरेच जण उगाच एरर समजतात). 1618 म्हणजे दुसरं इन्स्टॉलेशन चालू आहे, थांबा.

आणि सगळ्यांना एकदम पाठवलं तर काय होतं? 19 जुलै 2024 आठवा. आपल्याकडे सकाळचे पावणेदहा वाजत होते. क्राउडस्ट्राइकचं एक सदोष अपडेट, कुणालाही न विचारता, जगभर गेलं. त्यांनी ते 78 मिनिटांत मागे घेतलं, पण मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने तोवर 85 लाख विंडोज मशीन्स कोसळली होती. देशातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. गंमत बघा, बिघाड आपोआप पोचला, पण दुरुस्तीसाठी बऱ्याच ठिकाणी माणसाला एकेका मशीनपुढे बसून, सेफ मोडमध्ये जाऊन फाइल डिलीट करावी लागली. म्हणजे पुन्हा टेबलाटेबलावर!

म्हणून मी आधी पाचच मशीन्सवर पाठवतो, दोन दिवस थांबतो, मग बाकीच्यांवर. त्या पाचांत पहिलं मशीन माझं.