नोकऱ्यांची जत्रा

जत्रेला तुम्ही गेला असालच. पाळणे, भेळ, पिपाण्या, आणि खिशातले पैसे संपेपर्यंत भटकणं! आता अशी जत्रा डोळ्यांसमोर आणा, जिथे मांडव आहे, स्टॉल आहेत, पाय ठेवायला जागा नाही इतकी गर्दी आहे. पण विकत काहीच मिळत नाही. उलट आलेला प्रत्येक जण स्वतःचीच माहिती पुढे करून ‘मला घ्या’ म्हणतोय. हा रोजगार मेळावा.

मार्च २००९ मध्ये पुण्यातल्या अशा एका मेळाव्याला मी मावसभावाबरोबर गेले होते. आदल्या वर्षी त्याचा डिप्लोमा झाला होता. दिवस मंदीचे. आता मंदी येते कुठून? अमेरिकेत बँकांनी ऐपत न पाहता घरांसाठी कर्जं वाटली, ती बुडू लागली. १८५० साली सुरू झालेली ‘लेहमन ब्रदर्स’ ही बडी वित्तसंस्था १५ सप्टेंबर २००८ रोजी दिवाळखोरीत निघाली. जगभरच्या बँकांनी घाबरून हात आखडता घेतला, लोकांनी खरेदी पुढे ढकलली. ट्रक खपेनात, तेव्हा पिंपरी-चिंचवडकडचे मोठे कारखाने मधूनमधून काही दिवस बंद राहू लागले. त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या वर्कशॉपांतलं काम आटलं, आणि गेटाबाहेरच्या टपरीवरचा चहासुद्धा. खुद्द अमेरिकेत ऑक्टोबर २००९ मध्ये बेकारी दहा टक्क्यांवर पोचली.

तर आमचा मेळावा. भावाच्या फाइलमध्ये बायोडेटाच्या पंचवीस प्रती, मार्कशीटच्या झेरॉक्स, पासपोर्ट फोटो. सकाळी आठला पोचलो तर रांग फाटकाबाहेर वळसा घालून गेलेली. अकरा वाजता पहिल्या टेबलाशी नंबर लागला. ‘फ्रेशर का? अनुभव? ठेवून जा, कळवू.’ संपलं! टेबलामागे पुठ्ठ्याचं खोकं होतं, त्यात बायोडेटा पडला.

भावाचा चेहरा उतरला. मला त्या टेबलावरच्या माणसाचाही राग आला. पण जरा हिशेब करून बघा. एका स्टॉलवर दोन माणसं, आठ तास, प्रत्येकाला दोन मिनिटं. दिवसभरात होतात ४८० जण, तेही जेवायला न उठता. रांगेत त्याच्या कितीतरी पट माणसं असली तर? ‘कळवू’ म्हणणाऱ्याने तुमच्याकडे नीट पाहिलेलंच नसतं. तेव्हा त्याच्या ‘कळवू’वरून आपली किंमत ठरवायची नाही. हे मी भावाला सांगितलं. त्याला ते तेव्हा पटलं नाही.

दुपारी रांगेत आमच्यापुढे चाळिशीचे एक काका होते. लेथवर वीस वर्षं काम केलेले टर्नर. त्यांच्या हातात जेवणाचा डबा होता. मी सहज म्हटलं, ‘काका, डबा आणलात ते बरं केलंत.’ ते हसले. ‘ताई, रोजच आणतो. घरी अजून सांगितलं नाही. पोरीची दहावी चालू आहे ना.’ मग पुढे पाहत राहिले. त्या मुलीला तेव्हा भूमितीचे पेपर सोडवायचे होते, आणि इकडे बाबा तिच्यासाठी रोज कामावर निघाल्यासारखे निघत होते.

काम आणि माणूस यांची गाठ घालून देणं हे सरकारचंही काम आहे, ही कल्पना तशी जुनी. ब्रिटनमध्ये १ फेब्रुवारी १९१० रोजी सरकारी ‘लेबर एक्स्चेंज’ उघडली. आपल्याकडे १९४५ साली, महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांना काम मिळावं म्हणून अशी कार्यालयं सुरू झाली. तुमच्या आईबाबांच्या पिढीत ‘एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड’ जपून ठेवलेलं असायचं. विचारून बघा! आता महाराष्ट्रात ती नोंदणी संगणकावर ‘महास्वयंम्’ वर होते. पण नोंदणी झाली म्हणजे नोकऱ्या वाढल्या असं नव्हे. कार्यालय गाठ घालून देईल; जागाच नसतील तर ते तरी काय करणार?

चारच्या सुमाराला गर्दी पांगली, टेबलांवरची माणसं जरा खुर्चीला टेकून बसली. पंपाचे भाग बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्याच्या स्टॉलवर काकांना कुणी बायोडेटा मागितलाच नाही. त्यांना एक ड्रॉइंग दाखवलं आणि विचारलं, ‘हा आटा कसा पाडाल?’ काका उभ्याउभ्याच दहा मिनिटं बोलले. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ट्रायलला या, असं त्यांना सांगितलं गेलं. जाताना त्यांनी डबा उघडून आम्हा दोघांना अर्धी अर्धी पोळी दिली. भावाने ती खाल्ली आणि उरलेल्या सहा प्रती घेऊन तोही त्याच स्टॉलपुढे जाऊन उभा राहिला.