आधी खर्‍याबद्दल विचारा

नागपूर-वर्धा पट्ट्यात, सिद्धिविनायकाच्या केळझरसारख्या गावात, रुग्णाला ‘सिगारेट ओढता का?’ एवढेच विचारणारा शिकाऊ डॉक्टर फसलाच! 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ 3.8 टक्के निघाले. बिनधुराची तंबाखू वापरणारे 24.4 टक्के. इकडे ती म्हणजे खर्रा: सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीत घोटलेला.

सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय (स्थापना 1969, डॉ. सुशीला नायर) विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षी खेड्यात शिबिराला नेते. नेमका प्रश्न विचारणे शिकायचे ते अशाच ठिकाणी.

तंबाखू सोडवण्याची रीत जगभर रुळलेली: विचारा, स्पष्ट सल्ला द्या, तयारी जोखा, मदत करा, पुन्हा बोलवा. सल्ला कुणीही देतो. खरे कसब मदतीत. तलफ काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ बडीशेप, पाणी, गप्पा. गरज पडल्यास निकोटिनचे च्युइंगम. ते थोडे चावून गालात धरायचे असते. खर्रावाल्याला हे वेगळे शिकवावे लागत नाही. ओपीडीच्या गर्दीत गळते ती शेवटची पायरी. निदान 1800-11-2356 हा तंबाखू सोडण्यासाठीचा मोफत राष्ट्रीय क्रमांक तरी चिठ्ठीवर लिहून द्यावा.