पोत्यावरची अक्षरे सर्वांत शेवटी

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कुठल्याही किराणा दुकानात साखर पारखली जाते ती दाण्यावरून. दाणा मोठा, पांढरा आणि चमकदार असेल तर साखर चांगली, ही आपल्याकडची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. कारखान्यांच्या विक्रीतही तीच चालते. एस-३० म्हणजे बारीक दाणा, एम-३० म्हणजे मध्यम दाणा, आणि एम-३० ला भाव थोडा जास्त. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केलेला सहकारी कारखाना १९५० च्या सुमारास गाळप करू लागला. तेव्हापासून या जिल्ह्याने साखरेचे जे शहाणपण कमावले, ते याच दाण्याभोवतीचे. पण हीच साखर जागतिक बाजारात गेली की तिचे नाव बदलते. तिथले व्यापारी तिला ‘लो क्वालिटी व्हाइट’, म्हणजे हलक्या प्रतीची पांढरी साखर म्हणतात. लंडनच्या पांढऱ्या साखरेच्या वायद्यात रंगाचे मोजमाप ‘इकुम्सा’ या एककात होते आणि तिथली कमाल मर्यादा ४५ आहे. आपली गंधक-चुन्याने स्वच्छ केलेली साखर साधारण १०० ते १५० च्या घरात असते. घरी पहिला नंबर मिळवणारा माल परक्या दारात दुसऱ्या रांगेत उभा राहतो, आणि त्यात फसवणूक कुणाचीच नसते. ‘चांगले’ या शब्दाचा अर्थ दोन ठिकाणी वेगळा आहे, एवढेच.

परदेशी बाजारात उतरणाऱ्या उद्योगांना हल्ली ‘स्थानिकीकरण’ करण्याचा सल्ला दिला जातो. ऐकणाऱ्याला वाटते की हे भाषांतराचे काम आहे: वेष्टनावर अरबी मजकूर छापायचा, संकेतस्थळ जर्मनमध्ये करायचे, रंगीत माहितीपत्रक बदलायचे. ही कामे टाळता येत नाहीत. आखाती देशांत खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर अरबी मजकूर लागतो. युरोपीय संघातही ज्या देशात माल विकायचा, तिथल्या ग्राहकाला समजेल त्या भाषेत माहिती द्यावी लागते. पण हे काम सर्वांत शेवटचे आणि सर्वांत सोपे आहे. तिथल्या माणसाला हवी तशी वस्तू घडवणे हे खरे काम. ते वेष्टनाच्या फार आधी, शेतात आणि कारखान्यात सुरू होते, आणि तिथे झाले नाही तर पुढे कितीही चांगला अनुवादक आणला तरी भरून निघत नाही. ही गोष्ट समजून घ्यायला मोठ्या बहुराष्ट्रीय कंपन्यांची उदाहरणे शोधायची गरज नाही. ऊस, डाळिंब आणि मोपेड या तीन गोष्टी पुरतात, आणि तिन्ही याच जिल्ह्यात सापडतात.

आधी ऊसच घेऊ. गेल्या काही वर्षांत देशात साखर जास्त झाली, तेव्हा महाराष्ट्रातल्या अनेक कारखान्यांनी पांढऱ्या साखरेऐवजी कच्ची साखर करून बाहेर पाठवली. कच्ची साखर म्हणजे वाईट साखर नव्हे. ती परदेशातल्या रिफायनरीचा कच्चा माल आहे. तिथे ती पुन्हा विरघळवून शुद्ध केली जाते. ती बनवताना गंधकाची प्रक्रिया लागत नाही. म्हणजे आपण ज्या पांढरेपणासाठी खर्च करतो, तो या गिऱ्हाइकाला नकोच असतो. त्याला हवी असते भरपूर शर्करांश असलेली, गाळायला सोपी साखर. इथे डेक्स्ट्रान नावाचा पदार्थ आडवा येतो. तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला की जिवाणू त्यातल्या साखरेपासून हा चिकट पदार्थ तयार करतात. त्याने रस गाळणे अवघड होते आणि स्फटिक वेडेवाकडे, लांबट होतात. म्हणून रिफायनरीवाला डेक्स्ट्रान तपासतो आणि जास्त निघाला तर भाव पाडतो. फडात कोयता पडल्यापासून मोळी गव्हाणीत जाईपर्यंत किती तास गेले, याचा हिशेब अखेर परदेशी रिफायनरीच्या प्रयोगशाळेत लागतो. तोडणीची टोळी, बैलगाडी, ट्रॅक्टर, काट्यावरची रांग हे सारे त्या परदेशी ग्राहकासाठीच्या तयारीचे भाग आहेत, आणि कुठल्याही वेष्टनकाराच्या हातात यातले काहीच नाही.

यावर पहिला आक्षेप असा येतो की साखरेसारख्या मालाला चेहराच नसतो. तो भावावर विकला जातो, आवडीनिवडीवर नाही. इंडोनेशियाचे उदाहरण याला उत्तर देते. इंडोनेशिया कच्च्या साखरेचा मोठा आयातदार आहे. तिथल्या नियमानुसार आयात कच्च्या साखरेचा रंग किमान १२०० इकुम्सा असावा लागे. इकुम्साचा आकडा जितका मोठा तितकी साखर गडद, म्हणजे या गिऱ्हाइकाने मुद्दाम गडद माल मागितला होता. उजळ कच्ची साखर थेट बाजारात शिरली तर तिथल्या ऊस उत्पादकाचे नुकसान होईल, ही त्यामागची काळजी. आपल्याकडची कच्ची साखर त्यापेक्षा उजळ असल्याने ती बसत नव्हती. दोन्ही सरकारांत बोलणी झाली आणि २०१९-२० च्या आसपास ही मर्यादा भारतीय साखरेसाठी ६०० पर्यंत खाली आली. त्यानंतर वाट मोकळी झाली. २०२१-२२ च्या हंगामात भारताने सुमारे ११० लाख टन साखर निर्यात केली, आजवरची सर्वाधिक. यात भाव होताच, पण त्याआधी एक अडसर निघाला होता, आणि तो अडसर रंगाचा होता. चेहरा नसलेल्या मालालाही गिऱ्हाइकाचा देश, त्याचा शेतकरी आणि त्याची भीती ओळखावी लागते.

डाळिंबाची गोष्ट याहून नाजूक आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने विकसित केलेला ‘भगवा’ वाण २००३-०४ च्या सुमारास प्रसारित झाला. गडद केशरी-लाल साल, लाल टपोरे दाणे आणि मऊ बी या गुणांमुळे तो आज महाराष्ट्राच्या डाळिंब निर्यातीचा मुख्य आधार आहे. संगमनेर, राहात्याच्या बागांत तो मुबलक दिसतो. युरोपात खपायला मात्र केवळ रंग पुरत नाही. फवारणीच्या एखाद्या औषधाच्या अंशाची वेगळी मर्यादा ठरवलेली नसेल, तर युरोपीय संघात किलोला ०.०१ मिलिग्रॅम ही मर्यादा आपोआप लागू होते. दहा कोटी भागांत एक भाग, इतके हे सूक्ष्म प्रमाण. फळ काढणीला आल्यावर हे साधता येत नाही. कोणत्या दिवशी कोणती फवारणी केली, याची नोंद बहार धरल्यापासून लागते, आणि अपेडा या केंद्रीय कृषी निर्यात संस्थेच्या ‘अनारनेट’ व्यवस्थेत बागेची नोंदणीही त्यासाठीच असते. वेळेचे गणित त्याहून आधीचे. स्पेन आणि तुर्कस्तानची डाळिंबे शरद ऋतूत येतात आणि हिवाळ्यात संपत जातात. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास युरोपात आपल्या फळाला जागा होते. ती गाठायची तर हस्त बहार धरावा लागतो, म्हणजे पावसाळा संपता संपता बागेला ताण द्यावा लागतो. सप्टेंबरात पाऊस रेंगाळला तर ताण बसत नाही. नगरच्या पर्जन्यछायेतल्या जमिनीचा इथे फायदा होतो, पण हमी नाही. युरोपातल्या दुकानाच्या रिकाम्या फळीसाठी सहा महिने आधी पाणी तोडण्याचा निर्णय घेणारा बागायतदार जे करतो, त्याला मी स्थानिकीकरणाचे सर्वांत कठीण रूप म्हणेन. त्यात एक वर्ष चुकले तर ते वर्ष परत येत नाही.

साहजिकच दुसरा, अधिक गंभीर आक्षेप पुढे येतो: दोन-तीन एकरांच्या माणसाने हे सगळे का करावे? फवारणीचे बंधन पाळले, नोंदी ठेवल्या, महाग औषधे घेतली आणि ऐनवेळी निर्यातदाराने फळ नाकारले, तर ते मुंबई-पुण्याच्या बाजारात साध्या फळाच्याच भावात जाते. तेल्यासारखा रोग बागेत शिरला तर युरोपाचा विचार करायला उसंत राहत नाही. हा आक्षेप खोटा नाही. त्याला माझे उत्तर अर्धेच आहे. एकट्या शेतकऱ्याने ही जोखीम घेऊ नये. पण एकट्याने घेऊ नये म्हणूनच या जिल्ह्यात सहकार उभा राहिला. १९५० मध्ये एकटा ऊस उत्पादक साखर बनवू शकत नव्हता, आणि आज एकटा बागायतदार युरोपची प्रयोगशाळा सांभाळू शकत नाही. अवशेषांची तपासणी, प्रतवारी, शीतगृह आणि खरेदीदाराशी आधीच ठरलेला करार ही कामे गटाची आहेत. ती गटाने घेतली नाहीत तर वस्तू बदलण्याचा खर्च शेतकऱ्याच्या अंगावर पडतो आणि बदलाचा फायदा मधल्या माणसाकडे जातो. त्या स्थितीत शेतकऱ्याने नकार देणे शहाणपणाचेच आहे.

उलट दिशेची साक्ष नगरमध्येच घडली. इटलीच्या पियाजिओ कंपनीची ‘चाओ’ ही हलकी मोपेड १९६७ मध्ये आली. तिच्यावर बेतलेली ‘लूना’ किनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ मध्ये नगरच्या कारखान्यातून बाहेर काढली. मूळ गाडी शहरातल्या एका माणसाच्या फेरफटक्याची. इथे मात्र तिच्यावर मागे बायको, पुढे मूल, कधी दुधाचे कॅन आणि कधी पोते अशी कुटुंबाची आणि धंद्याची वाहतूक होऊ लागली, आणि पुढे दोघांना बसता येणाऱ्या, अधिक ओझे पेलणाऱ्या लूना आल्या. २०२४ मध्ये आलेल्या विजेवरच्या ई-लूनाची ओळख करून देताना १५० किलो वजन वाहण्याची क्षमता ठळकपणे सांगितली गेली. परदेशी आराखडा नगरमध्ये टिकला तो इथल्या वापराने त्याला बदलले म्हणून. बदल केल्याने वस्तूचा पिंड हरवतो, असे म्हणणाऱ्यांना मी लूना दाखवीन. पाव शतक ती घरोघरी होती आणि तिला इटालियन म्हणण्याचे कुणाच्या मनात आले नाही.

तरीही एका गोष्टीपुढे सगळी तयारी लटकी पडते, आणि ती दिल्लीत ठरते. परदेशी ग्राहकासाठी माल घडवायला वेळ लागतो. त्या ग्राहकालाही आपल्यासाठी जागा राखून ठेवावी लागते. कांद्याचे पाहा. जिल्ह्यातल्या घोडेगाव, राहुरीच्या बाजारांतून निघणारा कांदा बांगलादेश, श्रीलंका, मलेशियाला ओळखीचा. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागले, ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातच बंद झाली आणि ती मे २०२४ मध्ये टनाला ५५० डॉलर किमान भावाच्या अटीवर उघडली. घरच्या ग्राहकाला भाव परवडावा, हा सरकारचा हेतू समजण्यासारखा आहे. महागाईचा चटका गरिबाला आधी बसतो. पण ज्या खरेदीदाराने पाच महिने दुसरीकडून माल घेतला, तो आपल्या प्रतवारीसाठी थांबत नाही. साखरेत हे आणखी स्पष्ट दिसते. कच्ची की पांढरी, हे कारखान्याला गाळप सुरू होण्याच्या आत ठरवावे लागते. २०२४-२५ चा हंगाम महाराष्ट्रात नोव्हेंबरात सुरू झाला. दहा लाख टन निर्यातीची परवानगी २० जानेवारी २०२५ ला आली. तोवर गोदामांत पांढऱ्या साखरेची पोती रचली गेली होती.