खाल्लं तर फुटतं, टाळलं तर माजतं

पहिले दोन-चार पाऊस झाले की चंद्रपूर-गडचिरोलीत तरोट्याची कोवळी पानं भाजीला येतात. लसूण-मिरचीची फोडणी दिली की भाकरीबरोबर झकास लागते. गाय मात्र त्या झुडपाकडे ढुंकूनही बघत नाही. गाय नको म्हणते ते आपण परतून खातो!

अशाच नकाराची किंमत ताडोबाला मोजावी लागते. नवेगाव, जामणी ही गावं पुनर्वसनात व्याघ्र प्रकल्पाबाहेर गेली आणि त्यांची शेतं चितळ-गव्यांसाठी कुरणं म्हणून मोकळी झाली. पण अशा पडीक शेतांवर गवताआधी हक्क सांगतात तरोटा आणि रानतुळस. चितळ गवत खातं, तरोटा सोडतं. सोडलेला तरोटा माजतो, बी टाकतो आणि पुढच्या पावसाळ्यात आणखी पसरतो. म्हणून तो बी धरायच्या आत माणसं लावून उपटावा लागतो. जनावरं काय खातात यापेक्षा ती काय टाकतात यावर जंगलाचा चेहरा जास्त ठरतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

गवताचा जीव बुडाशी

आंब्याच्या रोपाचा शेंडा बकरीनं खुडला की रोप रखडतं. गवताचं तसं नाही. त्याच्या पानाची वाढ बुडाकडून होते. वरचं पातं गव्यानं ओढून नेलं तरी खालून ते पुढे सरकत राहतं. हरळी तर चरली की जमिनीलगत आणखी पसरते. आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत शास्त्रज्ञांनी दाखवून दिलंय, की बेताची चराई झालेलं गवत न चरलेल्या गवतापेक्षा जोमानं वाढू शकतं. अर्थात, बेताची! रोज ओरबाडलं तर हरळीसुद्धा हात टेकते.

कुसळाची करामत

कुसळी गवत कोवळं असेतो गुरं आवडीनं खातात. फुलोरा आला की मात्र नको रे बाबा. एक कुसळ चिमटीत धरून पाहा. टोकाला सुईसारखं बी, त्यावर उलट्या दिशेचे ताठ केस आणि मागे गुडघ्यासारखी वाकलेली काळसर शेपटी. या शेपटीला पाण्याचा थेंब लावा, ती गोल फिरू लागते. वाळली की उलटी फिरते. रात्रीचं दव आणि दिवसाचं ऊन यांच्या जोरावर बी जमिनीत गिरमिटासारखं शिरतं आणि उलटे केस त्याला मागे येऊ देत नाहीत. एकदा मातीत गेलं की वणव्यातूनही वाचतं. हेच यंत्र जनावराच्या तोंडात किंवा कातडीत शिरलं तर काय होत असेल, ते बकरीलाच विचारा. आपल्या पायमोज्यांना थोडीफार कल्पना आहेच.

बोराचे दोन काटे

बोराच्या पानाच्या बुडाशी काट्यांची जोडी असते, एक सरळ आणि एक आकड्यासारखा वाकडा. तोंड पुढे केलं तर सरळ टोचतो, मागे घेतलं तर वाकडा अडकवतो. चितळ तरीही पानं खातंच, फक्त एकेक पान वेचत, सावकाश. बोरीला तेवढी सवलतही पुरते.

थुंकी ओळखणारी झाडं

जर्मनीतल्या संशोधकांनी 2016 मध्ये एक गमतीदार प्रयोग मांडला. त्यांनी बीच आणि मेपलच्या रोपांच्या कळ्या कापल्या आणि काही जखमांवर हरणाची लाळ सोडली. लाळ लागलेल्या रोपांनी बचावाची रसायनं वाढवली. नुसत्या कापलेल्या रोपांनी फक्त जखम भरायची तयारी केली. कात्री कोणती आणि हरणाचे दात कोणते, हे रोपाला कळतं!

आपल्याकडची ज्वारी याहून जहाल. पावसाचा ताण बसलेल्या कोवळ्या ज्वारीत आणि कापणीनंतर फुटलेल्या धुमाऱ्यांत विषाचा कच्चा माल जास्त असतो. तो आणि त्याला मोकळं करणारं द्रव्य पानात वेगवेगळ्या कप्प्यांत राहतात. बैलानं चावलं की दोन्ही एकत्र येतात आणि सायनाइड तयार होतं. शेतकरी त्याला किराळ लागणं म्हणतात. जनावर तासाभरातही जाऊ शकतं.

नावडत्यांची चंगळ

सागाच्या खरखरीत पानाला गुरं सहसा तोंड लावत नाहीत. (अळ्या मात्र पावसाळ्यात त्याची पार जाळी करतात.) पळसाचंही तेच. गावाजवळच्या चराऊ रानात बाकी सगळं खुरटलं तरी पळस आणि तेंदू टिकून असतात. तेंदूला तर मुळांवरूनच नवे कोंब फुटतात. त्याची झुडपं मुद्दाम छाटतात, मग उन्हाळ्यात बिडीला लागणारी लुसलुशीत पानं येतात. इथे चरणारं जनावर म्हणजे आपणच.

पूर्व विदर्भाच्या महसुली कागदांत अशाच चराऊ रानाची ‘झुडपी जंगल’ नावाची जमीन आहे. हलकी, खुरट्या झुडपांची आणि गावाच्या गुरांसाठी ठेवलेली. ते जंगल की नुसतं रान, हा वाद वर्षानुवर्षं चालला. अखेर मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते वनच ठरवलं.

खा, पण बी टाक

आवळ्याला खाल्लेलं चालतं. चितळ फळ गिळतं आणि नंतर निवांत रवंथ करताना बी तोंडावाटे बाहेर टाकतं. तोवर ते झाडापासून दूर गेलेलं असतं. उत्तराखंडच्या राजाजी उद्यानातल्या अभ्यासात हे नीट नोंदलं गेलं आहे.

बांबू नावाचं गवत

पावसाळ्यात बांबूच्या बेटातून वास्ते, म्हणजे कोवळे कोंब, वर येतात. माणसाला भाजीला हवेत, गव्याला तसेच हवेत. कोंबाचा शेंडा खाल्ला गेला की त्या काठीची उंची संपली. मग ती बाजूला फांद्या फोडत झुडूप होऊन बसते. म्हणून कोंब घाई करतो. एकाच हंगामात पूर्ण उंची गाठतो आणि गव्याच्या तोंडापलीकडे निसटतो. पुढची वर्षं फक्त टणक व्हायची.

गव्याच्या लेखी बांबू पहिल्यापासून गवतच. 1927 च्या वन कायद्यानं मात्र त्याला झाडांत बसवलं होतं, त्यामुळे तो न्यायला वनखात्याचा परवाना लागे. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावानं 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला. 2011 मध्ये गावाला स्वतःच्या बांबूचे वाहतूक परवाने मिळाले आणि 2017 च्या दुरुस्तीत बांबू झाडांच्या व्याख्येतून सुटला.

बांबू कित्येक दशकांतून एकदाच फुलतो, बियांचा पाऊस पाडतो आणि मरतो. उंदीर, पाखरं, रानडुकरं खाऊन खाऊन किती खाणार? उरलेल्या बियांतून जे उगवतं ते सुरुवातीला नाजूक गवतासारखंच दिसतं, आणि गुरांना भलतंच आवडतं. रोपांनी जोर धरेपर्यंत तिथे चराईबंदी हवी. तोवर गुराख्यानं कळप दुसऱ्या रानात वळवायचा.