टॅली : जुन्या सॉफ्टवेअरची नवी बाजारपेठ

बीदर-कलबुर्गीच्या सीमाभागात आडत दुकानापासून डाळमिलपर्यंत संगणकावरील हिशेब ज्या नावाने ओळखला जातो, त्या टॅलीची बेंगळुरूस्थित कंपनी १९८६ साली स्थापन झाली. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाल्यावर केवळ जमाखर्च मांडणारे सॉफ्टवेअर अपुरे ठरले आणि कराची विवरणपत्रे तयार करणे हेही त्याचे महत्त्वाचे काम होऊन बसले. पुढे ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवून क्रमांक व क्यूआर कोड मिळवलेले बिल, ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवरील उलाढालीच्या व्यापाऱ्यांनाही बंधनकारक झाले, तेव्हा ते थेट टॅलीतूनच काढता येत होते. दरम्यान क्लाउड, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर इंटरनेटमार्फत चालणारी सेवा देणारे स्पर्धक पुढे आले. त्यावर कंपनीने २०२० मध्ये टॅलीप्राइम ही नवी आवृत्ती आणताना हिशेब व्यापाऱ्याच्याच संगणकावर ठेवला, मात्र अहवाल ब्राउझरवर पाहण्याची सोय दिली. पडद्याची मांडणी बदलली, तरी विक्रीसाठी एफ-८ आणि खरेदीसाठी एफ-९ या कळा तशाच राहिल्याने मुनिमाचा सरावलेला हात अडला नाही. प्रस्थापित कंपनीला कायदा व तंत्र यांच्यामागे धावावेच लागते. परंतु ग्राहकाची सवय हे तिचे खरे भांडवल असल्याने ते राखूनच बदल करणे तिच्या हिताचे ठरते.