सव्वा महिना झाला, पण रात्री कुणाच्या?

बाळंतिणीचा सव्वा महिना म्हणजे आपल्याकडे केवढं प्रस्थ! शेक-शेगडी, अंगाला तेल लावायला येणारी बाई, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, जेवणानंतर बाळंतशोपा. घरातलं माणूस न् माणूस तिच्या दिमतीला असतं. सव्वा महिना झाला की मात्र सगळं आवरतं. तेलवाली हिशेब करून जाते आणि “आता झालीस हो हिंडती-फिरती” असं म्हणत घर तिला हळूच ओट्याशी आणून उभं करतं.

पंचाईत अशी, की नेमकं याच सुमाराला बाळाचं रडणं सर्वांत जास्त असतं. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ डॉ. ब्रेझल्टन यांनी आयांना बाळाच्या रोजच्या रडण्याची टिपणं ठेवायला सांगितली आणि १९६२ साली त्यांवरून दाखवून दिलं, की पहिल्या काही आठवड्यांत रडणं वाढत जातं, सहाव्या आठवड्याच्या आसपास कळसाला पोचतं आणि मग ओसरू लागतं. म्हणजे घरची मदत संपते तेव्हाच गरज वाढलेली असते! मग “दूध पुरत नसेल”, “दृष्ट लागली असेल”, “हिला बाळ सांभाळता येत नाही” असे शेरे सुरू होतात. त्या पोरीने ऐकायचं तरी किती?

वास्तविक नवजात बाळ चोवीस तासांत साधारण १४ ते १७ तास झोपतं. पण ती झोप तुकड्यातुकड्यांची. पोट इवलंसं, दर दोन-तीन तासांनी भूक लागणारच. शिवाय दिवस कुठला, रात्र कुठली हे त्याला अजून उमगलेलं नसतं. ते कळायला दोन-तीन महिने जातात. दिवसा खिडक्या उघड्या ठेवा, घरातले आवाज चालू द्या. रात्री मंद दिवा, बोलणं नाही, खेळवणं नाही. लंगोट बदला, पाजा, झोपवा. आणखी एक गोष्ट. बाळाची निम्मी झोप चुळबुळीची असते. ते झोपेत तोंड वेडंवाकडं करतं, कण्हतं, हातपाय हलवतं. लगेच उचलू नका. जरा थांबून बघा, पुष्कळदा ते तसंच पुढे झोपून जातं.

आता झोपवायचं कसं? उताणं, प्रत्येक झोपेला. १९९० च्या सुमारापासून इंग्लंड-अमेरिकेत मुलांना पालथं न झोपवता उताणं झोपवायला सांगू लागले आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या निम्म्याहून कमी झाली. गादी सपाट आणि घट्ट असावी. उशी नको, आपली मोहरीची उशीसुद्धा नको. डोकं गोल यावं म्हणून बाळ जागं असताना, आपण समोर बसून, त्याला थोडा वेळ पालथं ठेवावं. झोळीत मान छातीवर दुमडते, म्हणून रात्रभर झोळीत ठेवू नये. दुपट्यात गुंडाळताना पाय मोकळे राहू द्यावेत. बाळ आईच्या खोलीत, पण आपल्या वेगळ्या अंथरुणावर असावं. आणि धुरी नकोच. त्या कोवळ्या छातीला धूर सोसत नाही.

“झोपेसाठी काहीतरी चाटवा” हा सल्लाही ऐकू नका. मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बायका एके काळी तान्ह्या मुलांना अफूची ‘बाळागोळी’ देऊन जात. त्यांची लाचारी आपण समजू शकतो. पण आज सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही नको, गुटी नको, पाणीही नको, असं डॉक्टर सांगतात.

मुद्दा खरा आहे तो आईच्या झोपेचा. माझ्या शाळेतली एक तरुण शिक्षिका नवऱ्याला म्हणाली, “अहो, मला सलग चार तास झोपू द्या, मग काय हवं ते सांगा.” त्यांनी केलं ते साधंच. रात्री नऊला पाजलं की ती लगेच आडवी व्हायची. पुढच्या पाजण्यापर्यंत बाळ बाबांकडे. मध्यरात्री तिने फक्त पाजायचं. ढेकर काढणं, लंगोट बदलणं, थोपटणं त्यांच्याकडे. पहाटेचं बाळ सासूबाई घेत. त्यांना तशीही पाचलाच जाग यायची. घरात कुणी जादा माणूस आलं नाही, कामं फक्त वाटली गेली.

नोकरी करणाऱ्या पुष्कळ बायकांना २०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. केंद्र सरकारी नोकरीतल्या वडिलांना मात्र १५ दिवस, आणि खाजगी नोकरीत तेवढीही मिळेलच असं नाही. मिळणारी रजा बारशाच्या धावपळीत संपवण्यापेक्षा त्यातले काही दिवस सहाव्या आठवड्यासाठी राखता आले तर पाहावं.

बाळंतपणानंतर पहिले काही दिवस उगाच रडू येणं स्वाभाविक आहे. पण ते दोन आठवड्यांपलीकडे टिकलं, बाळ झोपलं तरी आईला झोप येईना, बाळाचीही ओढ वाटेना, किंवा जीव नकोसा होऊ लागला, तर “सगळ्याच बायका यातून जातात” असं म्हणून गप्प बसवू नका. डॉक्टरांकडे न्या. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांकही फुकट आहे. बाळ दूध ओढत नसेल, अंग तापलं किंवा गार पडलं असेल, मलूल असेल, श्वास मिनिटाला साठाच्या वर असेल, झटके येत असतील, तर रात्र असो की दिवस, तडक दवाखाना गाठा.

मैत्रिणींनो, बाळ बघायला जाताना आपण हौसेने कुंची-टोपरं नेतो, घटकाभर बसून चहा घेऊन येतो. आणि तो चहा करते कोण? तीच बाळंतीण! यापुढे दुपारी दोन तास काढून जा, बाळ मांडीवर घ्या आणि तिला सांगा, “जा गं, नीज जरा. मी आहे इथे.”